तिसऱ्या तासाचा आवाज

३ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार आधी, बातमी नंतर. पोकरच्या मोठ्या स्पर्धेची कॉमेंटरी मला मिळाली. सहा रविवार, दुपारी तीन ते सात. पहिला परवाच झाला. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पत्ते." मी म्हटलं, "पत्तेच, पण टीव्हीवर." त्यावर ती म्हणाली, "मग मी लोकांना नुसतं टीव्हीवर असते एवढंच सांगीन."

तुम्ही मला तुमच्या क्रीडापानावर निकाल उतरवून घ्यायला बसवलंत, त्याला बावीस वर्षं झाली. त्यानंतर मी रेडिओवरून सायकलच्या शर्यती सांगितल्या, कुस्ती सांगितली, आणि पावसाने सामना थांबला तेव्हा पन्नास मिनिटं नुसतं ताडपत्रीचं वर्णन केलं. कुत्र्यांच्या प्रदर्शनातही माईक धरला. तिथले पाहुणे त्यातल्या त्यात शिस्तीचे होते. 'कडेला बसून' हा शुक्रवारचा रकाना मात्र कधी चुकवला नाही. पोकर गेल्या वर्षी अंगावर आलं. मूळ निवेदकाने आयत्या वेळी टांग दिली आणि जेवणाच्या सुट्टीत तुमच्या छपाईवाल्यांबरोबर पत्ते कुटल्याचं सार्थक झालं.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पानं, टेबलावर पाच उघडी. बाकी सगळं पैशांऐवजी वापरतात त्या चकत्या पुढे सारणं आणि थापा मारणं. टेबलाच्या कडेतल्या कॅमेऱ्यामुळे झाकलेली पानं प्रेक्षकांना दिसतात आणि बूथमध्ये आम्हालाही. म्हणून प्रक्षेपण अर्धा तास उशिरा जातं आणि आमचे फोन पत्र्याच्या डब्यात कुलूपबंद होतात. निर्मात्या बाईंनी माझ्याकडून एका अटीवर सही घेतली आहे. बूथमध्ये बसून जे दिसेल ते रकान्यात वापरायचं नाही.

फायनलची मुख्य खुर्ची कोणाची हे ठरायचंय. मी, नाहीतर माझा जोडीदार. तो माजी विजेता आहे, खेळ त्याला माझ्या दसपट कळतो, पण वाक्य पुरं करता येत नाही. आजवर मी प्रत्येक खेळात दुसऱ्या खुर्चीवर बसले किंवा कुणाच्या तरी बदली. ही खुर्ची मला हवी आहे आणि ती मला मिळेल. हे तुम्हालाच लिहू शकते. दुसरं कोणी म्हणेल, शेफारली.

रविवारी बघत जा आणि लाल पेन्सिल चालवा. फोन परत लावून घेतलात तर सामना संपताच बोलता येईल.

तुमची
बडबडी


१० फेब्रुवारी

चि. बडबडे,

आशीर्वाद. दोन्ही रविवार बघितले. आवाज खणखणीत, शब्द सुटे आणि स्वच्छ. घाई कुठे नाही. तुझ्या आईने लोकांना काहीही सांगो, मी कॉमेंटरीच सांगतो.

फोन काढला तो काढला. फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो. पत्रात निदान खोडता येतं. शिवाय शेजारीण म्हणते की इतका शांत शेजारी मिळायला नशीब लागतं. तिचं नशीब मी कशाला फिरवू? ती बाजारात जाताना माझी पत्रंही पेटीत टाकते, तेव्हा तिला नाराज करून चालणार नाही.

शुक्रवारच्या रकान्यात 'अप्रतिम' दोनदा आलं. लाल केलं आहे. ज्याला काय दिसलं ते सांगता येत नाही तो अप्रतिम म्हणतो, हे मी तुला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. उरलेले दोन नियमही पुन्हा लिहून ठेव. रकान्यात नातेवाईक आणायचे नाहीत. आणि पत्र वाचताना कौतुक गाळून कामाचं तेवढं वाचायचं.

मला वाटलं होतं, या खेळात पानं बघायची असतात. बघायचे असतात ते हात. गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून खेळायला बसलेला तो उंच गृहस्थ कोण?

तुझा
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामा,

तो खरोखरचा शिंपी आहे, सगळे त्याला शिंपीच म्हणतात. स्वतःचं दुकान, तीन मशीन, फक्त पँटी शिवतो. बाकीचे काळे चष्मे लावून बसतात, हा वाचायचा चष्मा लावून बसतो, आणि दर रविवारी एकेकाला घरी पाठवतो.

त्याची थाप मला पकडता येत नाही. मला सतत बोलायचं असतं, आणि नजर पडद्यावरच्या पानांवर ठेवावी लागते. हातांकडे बघायला सवड कुठली? तुम्ही बघा. तुम्ही कुस्तीत पैलवानाचा पाय बघून सांगायचात की हा आता पडणार.

निर्मात्या बाई आज जिन्यात म्हणाल्या, "फायनलच्या दिवशी काही ठरवू नका." खुर्ची ऐंशी टक्के माझी झाली असं समजा.

तुमची
बडबडी


१६ फेब्रुवारी

चि. बडबडे,

सापडला. शिंप्याचा उजवा अंगठा.

कालच्या तिसऱ्या तासात त्याने तीनदा थाप मारली, आणि तिन्ही वेळा चकत्या पुढे सारायच्या आधी सगळ्यात वरची चकती अंगठ्याने उलटी केली. पहिल्यांदा त्याच्या हाती दुर्री आणि अठ्ठी होती, दुसऱ्यांदा चौकी आणि नव्वी, तिसऱ्यांदा तर निव्वळ भोपळा. पानं चांगली असली की अंगठा गप्प. कापडाची उलटी बाजू बघायची त्याला सवय असणार, थाप मारायची वेळ आली की हात तिकडे जातो. मी वहीत लिहून ठेवलं आहे. पडदा सगळ्यांना दिसतो, पण लोक पानं बघतात.

तुझ्याबद्दलही लिहितो. तिसऱ्या तासात तुझा आवाज काय लागला होता! तिसऱ्या थापेच्या वेळी तू जो स्वर चढवलास, तो मी तुझ्याकडून याआधी ऐकला नव्हता. फायनलला असाच ठेव.

तुझा
मामा


२० फेब्रुवारी

ती. मामा,

तुमच्या नियमाप्रमाणे कौतुकाचा परिच्छेद ओलांडून थेट अंगठ्यावर आले. मामा, तुम्ही निवृत्त झालात ही त्या पेपरची चूक आहे.

अंगठा पुढच्या शुक्रवारच्या रकान्यात घेते. तुमचं नाव घालणार नाही, कारण रकान्यात नातेवाईक आणायचे नाहीत. तेव्हा मीच कुठेतरी कडेला बसून पाहिल्यासारखं लिहिते. उपान्त्य फेरीच्या दोन दिवस आधी छापून येईल, चर्चा होईल, आणि उरलेले वीस टक्के खिशात.

मी ठणठणीत आहे. आईने काही कळवलं असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

तुमची
बडबडी


३ मार्च

ती. मामा,

चर्चा झाली. नको तेवढी झाली.

रविवारी उपान्त्य फेरीत शिंप्यासमोर एक दंतवैद्य बाई होत्या. त्यांनी माझा रकाना कापून पर्समध्ये आणला होता. शिंप्याने चकती उलटी केली, बाईंनी अंगठ्याकडे बघितलं आणि निम्म्याहून जास्त चकत्या ओढून नेल्या. त्या टेबलावरून दोघंही फायनलला पोचले, पण तो कसाबसा. खेळ संपल्यावर तो सरळ निर्मात्या बाईंच्या खोलीत आला. मी तिथेच होते. ओरडला नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही आत बसून माझी पानं बघता आणि पेपरात माझा अंगठा छापता. हे बरं नाही." मामा, तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगितलं की हे बूथमधून पाहिलेलं नाही, माझ्या मामांनी घरी टीव्हीवर पाहिलं आणि मला लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुमचं सोळा तारखेचं पत्र नेऊन टेबलावर ठेवलं. निर्मात्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. मग मला विचारलं, "तिसऱ्या तासात तुम्ही होतात कुठे?"

आता मी तुमच्यापासून लपवलेलं सांगते. त्या रविवारी दुसऱ्या तासाच्या शेवटी माझा घसा पार बसला. हवेशिवाय काही बाहेर पडेना. मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि सातपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून होते. तिसरा आणि चौथा तास जोडीदाराने एकट्याने ओढले. तुम्ही काळजी कराल म्हणून लिहिलं नव्हतं.

म्हणजे ज्या तासातल्या माझ्या आवाजाची तुम्ही एवढी तारीफ केलीत, त्या तासात मी नव्हतेच. तिथे एका घोगऱ्या पुरुषाचा आवाज होता. बाई म्हणाल्या, "ज्याने सामना पाहिला त्याच्याकडून ही चूक होणार नाही. हे पत्र मागाहून लिहून घेतलेलं आहे." मी म्हटलं, तसं नाही. त्या म्हणाल्या, "बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज कळत नाही, म्हणजे तुमचे मामा काय बहिरे आहेत का?" मी चिडून सांगितलं की माझ्या मामांना टाचणी पडलेली ऐकू येते.

पाकीट मी फेकून दिलं, त्यामुळे टपालाचा शिक्का नाही. फायनलआधी एक रविवार मोकळा आहे, म्हणून बारा तारखेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर खुर्ची जोडीदाराची, आणि अट मोडली म्हणून माझं नाव सगळ्याच वाहिन्यांवर खराब. बावीस वर्षांत मला कोणी खोटारडी म्हटलं नव्हतं.

मामा, तुम्ही सामना पाहिला होतात ना? की कुणी सांगितलेलं माझं मन राखायला लिहून पाठवलंत? काहीही असो, खरं लिहा. मी रागावणार नाही.

बडबडी


६ मार्च

चि. बडबडे,

सामना पाहिला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. ऐकला नाही.

त्या बाईंनी रागाच्या भरात जे विचारलं ते खरं आहे. चार वर्षं झाली. डावा कान आधी गेला, उजवा सहा महिन्यांत त्याच्यामागून गेला. तपासणीचा कागद सोबत जोडला आहे, त्यावर तारीख आहे. एक यंत्रही घेतलं होतं. त्यात शब्द येत नाहीत, नुसता भुंगा फिरतो, म्हणून ते खणात ठेवलं. फोन तत्त्वासाठी काढला नव्हता. घंटा वाजतेय की नाही तेच कळेना, म्हणून काढला. तू भेटायला येतेस तेव्हा मी तुला उजेडाकडे तोंड करून बसवतो, ते ओठ दिसावेत म्हणून. तुझ्या आईला अजून पत्ता नाही. ती बोलत असताना समोरच्याने ऐकलं की नाही, हे बघायची तिला कधी गरजच पडली नाही.

तुला का सांगितलं नाही? लाज वाटली, दुसरं काय. तू आवाजावर पोट भरतेस. तुला पहिल्यांदा माईकपुढे उभं करताना मीच दाराशी थांबून ऐकत होतो. त्या मुलीला कसं लिहायचं, की तुझा आवाज माझ्यासाठी आता संपला? म्हणून प्रत्येक पत्रात तारीफ लिहीत गेलो. पडद्याच्या कोपऱ्यात तुझं नाव होतं, तेव्हा आवाजही तुझाच असणार असं धरून चाललो. जन्मभर वार्ताहरांना दटावलं की जे पाहिलं नाही ते लिहू नका, आणि स्वतः न ऐकलेलं लिहिलं. एक परिच्छेद खोटा लिहिला आणि त्याने बाकीचं खरं पत्र बुडवलं. शिक्षा रास्त आहे, पण ती मला व्हायला हवी, तुला नाही.

आता रडत बसायचं नाही. त्या बाईंना स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. त्यात कानाच्या कागदाची नक्कल आहे आणि सामना बघताना केलेल्या टिपणांचं पान वहीतून फाडून जोडलं आहे. शेजारणीला काल सगळं सांगितलं. ती हसली नाही, पेन मागितलं. माझ्या टीव्हीचा आवाज चार वर्षांत भिंतीपलीकडे आलेला नाही, आणि ते पत्र सोळा तारखेला बाजारात जाताना तिने स्वतः पेटीत टाकलं, असं तिने सहीनिशी लिहून दिलं आहे. एवढ्यावर समाधान झालं नाही तर मला बोलवा. आवाज बंद करून हवा तो सामना लावा. कोण थाप मारतोय ते मी सांगतो.

खुर्ची तुझीच आहे. जाऊन बस.

तुझा
मामा


१६ मार्च

ती. मामा,

बसले.

क्रमाने सांगते. निर्मात्या बाईंनी तुमचं पत्र वाचलं आणि खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी जे बोलले ते मागे घेते." शिंप्याला बोलावलं. त्याने तुमच्या टिपणांचं पान चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "घरी बसून, आवाजाशिवाय? माझ्या बायकोला तीस वर्षांत हा अंगठा दिसला नाही." मी त्याची माफी मागितली. बूथमधून पाहिलं नव्हतं हे खरं, पण फायनल तोंडावर असताना चालू खेळाडूचं गुपित छापायची मला घाई झाली होती, आणि ती खुर्चीसाठी होती. तो म्हणाला, "उसवलंय तर पुन्हा शिवू." एवढं बोलून गेला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

तुमच्यावर मी रागावले आहे. रागावणार नाही म्हटलं होतं ते मागे घेते. चार वर्षं, मामा. चार वर्षं मी प्रत्येक सामना संपला की मनात म्हणायचे, हे मामांनी ऐकलं असेल. तो दिलासा गेला, आणि तुम्ही हे एकट्याने सोसलंत तेही मला माहीत नव्हतं. घसा बसला ते मी लपवलं होतं, त्यामुळे फार बोलायला तोंड नाही. तेवढ्यावर हा विषय संपवते.

आता फायनल. जे माईकवर बोलले तेच लिहिते आहे, शब्द न बदलता. टेप लावून उतरवून घेतलं.

"मंडळी, टेबलावर दोघंच उरले आहेत. डावीकडे दंतवैद्य बाई, समोर चकत्यांचे चार मनोरे. उजवीकडे शिंपी, टेप आज गळ्यात नाही, खिशात आहे. अप्रतिम संध्याकाळ आहे. गेल्या तासाभरात शिंप्याने दोनदा चकती उलटी केली आणि दोन्ही वेळा हाती काही नव्हतं. दोन्ही वेळा बाईंनी ओळखलं. नुकसान मात्र दोन्ही वेळा थोडंसंच झालं. पानं वाटली. बाईंकडे एक्का आणि राजा. शिंप्याकडे दोन सत्त्या. टेबलावर राजा, सत्ती, तिर्री. बाईंची राजांची जोडी जमली, शिंप्याच्या सत्त्या तीन झाल्या, आणि एकमेकांना हे माहीत नाही. चौथं पान नव्वी. पाचवं दुर्री. शिंपी चष्मा पुसतोय. आपल्या सगळ्या चकत्यांवर हात ठेवतोय. आणि थांबा. अंगठा. त्याने वरची चकती उलटी केली. मंडळी, त्याच्या हाती तीन सत्त्या आहेत आणि तो थापेची खूण करतोय. बाई अंगठ्याकडे बघतात. हसतात. सगळं पुढे सारतात. शिंपी पानं उलटतो. सत्ती, सत्ती. संपलं. दोनदा तो हरला ते मुद्दाम हरला. ज्या अंगठ्याने त्याला उपान्त्य फेरीत बुडवलं, त्याच अंगठ्याने त्याला स्पर्धा जिंकून दिली. अप्रतिम, दुसरा शब्द नाही. आणि आता मी एक नियम मोडते. हा अंगठा पहिल्यांदा मी पाहिला नव्हता. तो माझ्या मामांनी पाहिला, आपल्या घरात, आवाजाशिवाय. मला बघायला आणि बोलायला त्यांनीच शिकवलं. आज मी जे काही बोलले ते सगळं त्यांना ऐकू जावं म्हणून बोलले. अप्रतिम सामना."

हे बोलले तेव्हा तुम्हाला ऐकू गेलं नाही, म्हणून टपालाने पाठवते आहे.

तुमची
बडबडी


२० मार्च

चि. बडबडे,

फायनल मिळाली. तीन 'अप्रतिम' होते. दोन लाल केले. मधला, अंगठ्यानंतरचा, राहू दिला, कारण तिथे काय दिसलं ते तू आधी सांगून झाली होतीस.

नातेवाईक न आणायचा नियम तू सरळ सरळ मोडलास. त्या ओळीवर मी पेन्सिल टेकवली. मग पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

लिहिलेलं मोठ्याने वाचून बघावं, हे मीच तुला शिकवलं होतं. स्वतः चार वर्षं केलं नव्हतं. सोळा तारखेला तू लिहिलंस आणि काल सकाळी टपाल आलं, तशी दार लावून उभा राहिलो आणि तुझी कॉमेंटरी पहिल्यापासून मोठ्याने वाचायला लागलो. माझा आवाज किती चढला होता ते मला कळायचा प्रश्नच नव्हता. शिंप्याने चष्मा पुसायला घेतला एवढ्यात खांद्यावर हात पडला. शेजारीण. मला ऐकू येत नाही हे विसरून भिंतीवर ठोकून ठोकून थकली आणि शेवटी दार ढकलून आत आली होती. हातात लाटणं होतं. चेहऱ्यावरून वाटलं, माझ्या शांत शेजारीपणाचा आज निकाल लागला.

तिने टेबलावरची माझी लाल पेन्सिल उचलली आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं, "मग शिंप्याचं काय झालं?"

मी तिला खुर्ची दिली, उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

तुझा
मामा